हुंडाभाडे ते कुरियर : बोलीत दडलेल्या वाहतूकखर्चाचा इतिहास

१/
२९ एप्रिल २०२५. लंडनच्या सोथबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीस निघाली. अंदाजित किंमत सहा ते आठ हजार पौंड. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांची ही तलवार. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळवली. या एका सौद्याचे तीन आकडे सांगता येतात : ३०,००० पौंड, ३८,१०० पौंड आणि ४७ लाख १५ हजार रुपये. तिन्ही खरे आहेत. मग तलवारीची किंमत नेमकी कोणती?

या प्रश्नाचे उत्तर शोधत तीनशे वर्षे मागे जाणारा हा धागा.

२/
आधी घराजवळचे उदाहरण. एका बाजूस डोंगररांग आणि दुसऱ्या बाजूस शीव-पनवेल महामार्ग असलेल्या खारघरमध्ये एखादा महाविद्यालयीन नाणेसंग्राहक रात्री मोबाइलवर डोळे लावून बसलेला असतो. तांब्याच्या चार झिजलेल्या शिवराया ऑनलाइन लिलावात निघाल्या आहेत. शेवटच्या मिनिटाला तो ४०० रुपयांची बोली लावतो आणि जिंकतो. दुसऱ्या दिवशी देयक येते : लिलावगृहाचा अधिभार, त्यावरचा कर, वेष्टन, कुरियर, विमा. रक्कम ६५० च्या घरात. तशीच नाणी मुंबईतल्या नाणेविक्रेत्याकडे ५५० रुपयांत हातात मिळाली असती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

३/
ही चूक नवी नाही, आणि तिच्यावरचा उपायही नवा नाही. वस्तूची किंमत आणि ती वस्तू घरपोच येण्याची किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या भूमीतल्या व्यापाऱ्यांना पुरते ठाऊक होते. त्यासाठी मराठीत एक स्वतंत्र शब्दच होता, जो आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे : हुंडाभाडे. आणि ते ठरवून माल पोहोचवणारा तो हुंडेकरी. हे आडनाव महाराष्ट्रात आजही आढळते.

४/
अठराव्या शतकातली वाट डोळ्यांसमोर आणावी. कोकणच्या बंदरातून घाट चढून देशावर माल न्यायचा, तर बैलांची पाठ हेच वाहन. गोणी लादलेले लमाणांचे तांडे दिवसाला काही कोस चालत. वाटेत ठिकठिकाणी जकातीची नाकी असत. एक नाके सरकारचे, पुढचे कोणा सरदाराच्या मुलखातले, त्यापुढचे तिसऱ्याचेच. शिवाय नदीचा उतार, चौकी-पहारा आणि लुटारूंचे भय. माल निघताना एकूण खर्च किती होईल, हे सामान्य व्यापाऱ्याला सांगणे अशक्यच.

५/
हुंडेकरी नेमकी हीच अनिश्चितता विकत घेई. भाडे, वाटेवरची सारी जकात आणि जोखीम मिळून एकच ठोक रक्कम तो ठरवी, आणि माल ठरल्या ठिकाणी पोहोचवण्याची हमी देई. वाटेत जकात वाढली तर तोटा त्याचा. नाकेदाराशी ओळख असल्याने सवलत मिळाली तर नफाही त्याचाच. व्यापाऱ्याच्या हाती मात्र निघण्यापूर्वीच एक पक्का आकडा येई. तो आकडा घेऊन तो बाजारात बसे, आणि कोणत्या मालाला किती दर द्यायचा हे ठरवी.

६/
यातून जे गणित उभे राहते त्याला 'उलटी वजाबाकी' म्हणता येईल. माल जिथे विकायचा तिथला भाव आधी धरायचा. त्यातून वाहतूक वजा, जकात वजा, नासधूस वजा, आपला नफा वजा. उरेल तो आपल्या बोलीचा कळस. त्यापुढे एक रुपयाही चढायचे नाही. हे सूत्र पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा भेटणार आहे. बदलत जाते ती एकच बाब : वजा होणारे भाडे नेमके कोणाच्या खिशातून जाते?

७/
त्याच सुमारास लंडनमध्ये लिलावाची एक गंमतशीर रीत प्रचलित होती. मेणबत्तीचा इंचभर तुकडा पेटवायचा आणि ज्योत विझण्यापूर्वीची शेवटची बोली मान्य करायची. रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स याने १६६२ साली असा लिलाव पाहून एक निरीक्षण नोंदवले. एका चतुर बोलीदाराच्या ध्यानी आले होते की ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली झुकतो. तो दिसताच तो आपली बोली उच्चारी. आज शेवटच्या सेकंदाला बोली टाकणाऱ्यांचा हा पूर्वज. मात्र धूर ओळखणे ही वेळेची हुशारी झाली. किती रकमेवर थांबायचे, हे धूर सांगत नाही.

८/
ईस्ट इंडिया कंपनी पूर्वेकडून आणलेला माल लंडनमध्ये लिलावानेच विकत असे. तिथे उभ्या राहिलेल्या खरेदीदाराला समुद्रप्रवासाची चिंता नसे, कारण माल गोदामात येऊन पडलेला असे. आफ्रिकेला वळसा घालून आलेल्या जहाजाचे भाडे, विमा आणि बुडालेल्या जहाजांचा भुर्दंड कंपनीच्या हिशेबात आधीच मिसळलेला होता. सुरतेच्या वा बंगालच्या विणकराला मिळालेला दर आणि लंडनच्या बोलीचा आकडा यांच्यातल्या दरीत नफा होता, तसेच हे सारे भाडेही होते.

९/
वाहतूकखर्चाच्या गणिताचा सर्वांत निर्दय वापर मुंबईच्या संदर्भात झाला तो अफूच्या व्यापारात. बंगालची अफू कंपनी स्वतः पिकवून घेई आणि कलकत्त्यात लिलावाने विकी. माळव्याची अफू मात्र संस्थानी मुलखात पिके. तिच्यावर कंपनीचा थेट ताबा नव्हता. चीनकडे जाण्यासाठी ती पश्चिम किनाऱ्यावर येई. कंपनीने १८३० च्या सुमारास तोडगा काढला : मुंबईमार्गे जाणाऱ्या प्रत्येक पेटीमागे १७५ रुपयांचा परवाना.

१०/
परंतु व्यापाऱ्यांपुढे दुसरी वाट होती. माळव्यातून मारवाडातील पाली, तिथून जैसलमेरच्या वाळवंटातून कराची, आणि पुढे समुद्रमार्गे पोर्तुगीजांचे दमण. वाट लांब, उंटभाडे जबर. पण १७५ रुपयांच्या परवान्यापेक्षा ती परवडे. व्यापाऱ्यांनी वजाबाकी केली आणि माल कराचीकडे वळला. १८३५ साली कंपनीला परवाना १२५ रुपयांवर आणावा लागला. म्हणजे मुंबईतला कर किती असावा, हे वाळवंटातल्या उंटाच्या भाड्याने ठरवले.

११/
१८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि कराचीची वाट बंद झाली. परवाना लगेच २०० रुपये झाला, १८४५ साली ३०० आणि १८४७ साली ४००. अफूचे पीक तेच, पेटी तीच, चीनमधले व्यसनही तेच. बदलला होता तो पर्यायी वाहतुकीचा खर्च. तो आता जणू अनंत झाला होता. भाड्याचा पर्याय ज्याच्या हातून जातो, त्याच्याकडून उरलेल्या वाटेवर हवे तेवढे वसूल करता येते. इतिहासाने हा धडा विषाच्या व्यापारातून दिला, पण तो त्यापुरता मर्यादित नाही.

१२/
आता वऱ्हाड. काळ्या कसदार जमिनीतला कापूस मुंबईच्या बंदरात यायचा तो बैलांच्या पाठीवर वा गाड्यांतून, आठवडेच्या आठवडे प्रवास करून. धूळ, पाऊस आणि घाटातली घसरण यांनी माल मळे. लिव्हरपूलच्या खरेदीदारांना हिंदी कापूस अस्वच्छ वाटे, आणि त्याचे एक कारण ही वाटच होती. हिंदुस्थानातील कापसाच्या प्रश्नावर १८४८ साली ब्रिटिश संसदेची समिती बसली. जॉन ब्राइट तिचे अध्यक्ष होते. कापूस पिकतो, पण तो किनाऱ्यापर्यंत येतो कसा, हा तिच्यासमोरचा एक कळीचा मुद्दा होता.

१३/
मग चित्र झपाट्याने पालटले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी धावली. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट रेल्वेने ओलांडला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. १८७० साली खामगाव लोहमार्गाच्या शाखेने जोडले गेले, आणि त्याच वर्षी समुद्रतळाच्या तारेने मुंबईचा इंग्लंडशी संपर्क जुळला.

१४/
या साऱ्याचा परिणाम बोलीवर झाला. लिव्हरपूलचा भाव तारेने कळू लागला, रेल्वेचे दर छापील झाले, जहाजाचे भाडे आणि विमा यांचे आकडे पेढीवर मिळू लागले. खामगावच्या बाजारात बोली लावणारा अडत्या आता सहा हजार मैलांवरून उलटी वजाबाकी करू शकत होता. भाडे घटले तसा शेतावरचा भाव चढण्यास वाव मिळाला. पण शेतकरी थेट जागतिक भावाशी बांधलाही गेला. लिव्हरपूलला भाव कोसळला की खामगावात बोली कोसळे. 'अमरावती'चे इंग्रजी रूप घेऊन वऱ्हाडचा कापूस तिकडे 'ऊम्रा' या नावाने ओळखला जाई. नाव अपभ्रंश झाले, पण भाव दोन्ही गावांचा एकमेकांत गुंतला.

१५/
मोठ्या मालाची ही कथा झाली. लहान पार्सलाचे काय? १८३७ च्या टपाल व्यवस्थेत पत्राचे हशील अंतरावर आकारले जाई. कलकत्ता ते मुंबई एका तोळ्याला एक रुपया. कलकत्ता ते आग्रा बारा आणे. सामान्य माणसाला ही चैन परवडणारी नव्हती. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर झाला : पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो वा दुसऱ्या टोकाच्या प्रांतात.

१६/
समान दर म्हणजे अंतराचा खर्च नाहीसा झाला असे नव्हे. जवळ पत्र पाठवणारा दूर पाठवणाऱ्याचा भार थोडाथोडा उचलू लागला. खर्च सर्वांत वाटला गेला, म्हणून तो दिसेनासा झाला. आज संकेतस्थळावर 'मोफत घरपोच' असे लिहिलेले असते, तेव्हा तेच घडते. भाडे वस्तूच्या किमतीत मिसळलेले असते, आणि खारघरचा ग्राहक गडचिरोलीच्या पार्सलाचा अंश नकळत भरत असतो. यात वाईट काही नाही. दुर्गम गावालाही त्याच दरात पुस्तक मिळते, हा त्याचा उजळ भाग आहे.

१७/
१८७७ साली टपाल खात्याने आणखी एक सोय आणली : व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजेच सर्वपरिचित व्ही.पी.पी. पार्सल दारात आल्यावर पोस्टमनच्या हाती पैसे द्यायचे. मराठी ग्रंथव्यवहाराला हिचा मोठा आधार मिळाला. जुन्या जाहिरातींत किमतीपुढे 'टपालखर्च निराळा' हे शब्द वारंवार दिसतात. त्या दोन शब्दांत प्रामाणिकपणा होता : वस्तूचा दाम इतका, वाटेचा दाम इतका. ग्राहकाने व्ही.पी. परत केली तर मात्र जाण्या-येण्याचा भुर्दंड प्रकाशकावर पडे. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'चे सारे गुणदोष त्यात तेव्हाच होते.

१८/
स्वातंत्र्यानंतर भाडे सर्वांत वाटण्याची हीच कल्पना पोलादाला लावली गेली. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या मालभाडे समानीकरण धोरणानुसार पोलाद देशात कुठेही जवळजवळ एकाच दराने मिळू लागले. जमशेदपूरच्या कारखान्याशेजारी आणि मुंबईच्या गोदीशेजारी भाव सारखाच. याचा लाभ खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम भारतातील उद्योगांना झाला. बिहार आणि पश्चिम बंगाल यांचा जवळिकीचा नैसर्गिक फायदा हिरावला गेला. १९९० च्या दशकाच्या आरंभी हे धोरण मागे घेतले गेले. महाराष्ट्राच्या औद्योगिक भरभराटीची अनेक कारणे आहेत. त्यांत दुसऱ्या राज्यांनी अप्रत्यक्षपणे सोसलेले हे भाडेही मोजले पाहिजे.

१९/
पोलादाला मिळालेली ही सवलत कांद्याला कधीच मिळाली नाही. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव बाजार समितीत सकाळी ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि व्यापारी क्विंटलमागे बोली पुकारतात. समजा, दूरच्या शहरात भाव २,४०० रुपये आहे. त्यातून ट्रकभाडे ५००, गोणी व हमाली १५०, सड व वजनातली घट २००, व्यापाऱ्याचा नफा १५० वजा. उरले १,४००. हीच कमाल बोली. डिझेल महागले आणि भाडे ६०० झाले की बोली १,३०० वर येते. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. रीत मात्र रोजची आहे.

२०/
शेतकऱ्याच्या कानी पडतो तो एकच आकडा. त्यातली वजाबाकी कोणी वाचून दाखवत नाही. शेतापासून बाजारापर्यंतचे ट्रॅक्टरभाडे त्याने आधीच खिशातून दिलेले असते. पुढचे हजार मैलांचे भाडे त्याच्या भावातून कापले जाते. माल नाशवंत, परत नेणे परवडत नाही, म्हणून थांबण्याची मुभा नाही. अफूच्या व्यापाऱ्याला निदान काही काळ कराचीची वाट होती. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली-दानापूर ही पहिली किसान रेल्वे सुटली आणि पुढे फळभाज्यांच्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली, तेव्हा तिचे महत्त्व याच हिशेबात होते. भाडे घटले तर बोली वाढायला जागा होते. ती जागा शेतकऱ्याला मिळते की व्यापाऱ्याला, हे मात्र बोली लावणारे किती जण आहेत यावर ठरते.

२१/
संग्राहकांच्या जगात दूरस्थ बोली टपालानेच सुरू झाली. एकोणिसाव्या शतकातच टपाल-तिकिटांचे लिलाव होत आणि परगावचे शौकीन आपली कमाल रक्कम पत्राने कळवत. १८९३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या एका पेढीने अशी पद्धत अवलंबली की जिंकणाऱ्याने स्वतःची नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर आधारित रक्कम द्यायची. त्यामुळे मनातला खरा आकडा निर्धास्तपणे लिहिता येई. अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी याच रचनेचे गणित १९६१ साली मांडले. त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

२२/
१९९५ साली पिएर ओमिद्यार यांनी सुरू केलेले लिलावाचे संकेतस्थळ पुढे ईबे झाले. भारतात २००० साली मुंबईतून बाझी डॉट कॉम सुरू झाले. २००४ साली ईबेने ते सुमारे पाच कोटी डॉलरला घेतले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेची भारतातली ती आवृत्ती बंद झाली. या काळात अनेक मराठी संग्राहकांनी पहिल्यांदाच परगावच्या अनोळखी माणसाकडून नाणे वा तिकीट मागवले, आणि 'शिपिंग' हा शब्द घरोघरी गेला.

२३/
या शब्दाने माणसाचे मन कसे चकते, याचा सुरेख प्रयोग तंजीम हुसैन आणि जॉन मॉर्गन या अर्थतज्ज्ञांनी केला आणि २००६ साली प्रसिद्ध केला. ईबेवर ८० लिलावांत त्यांनी संगीताच्या सीडी आणि व्हिडिओ खेळ विकले. काही लिलावांत आरंभीची बोली ४ डॉलर आणि टपाल फुकट. काहींत आरंभीची बोली एक सेंट आणि टपाल ३.९९ डॉलर. एकूण किमान खर्च दोन्हीकडे सारखाच. तरीही एक सेंटच्या लिलावांत अधिक लोक आले आणि विक्रेत्याच्या हाती अधिक रक्कम पडली. भाडे वस्तूच्या मानाने फारच मोठे केले, तेव्हा मात्र सीडींच्या बाबतीत हा परिणाम ओसरला.

२४/
बोलीचा आकडा डोळ्यांत भरतो आणि भाड्याचा आकडा कोपऱ्यात राहतो. काही विक्रेत्यांनी याचा दुहेरी लाभ घेतला. ईबेचे शुल्क तेव्हा विक्रीच्या रकमेवर लागे, टपालखर्चावर नाही. म्हणून वस्तू स्वस्त दाखवायची आणि भाडे फुगवायचे. अखेर २०११ साली ईबेने टपालखर्चही शुल्काच्या हिशेबात धरला. ही युक्ती ओळखण्यात सरकारे मात्र बाजारापेक्षा जुनी आहेत.

२५/
भारतीय सीमाशुल्काचे उदाहरण पाहावे. परदेशातून आलेल्या वस्तूवर कर बसतो तो केवळ वस्तूच्या दामावर नव्हे, तर भाडे आणि विमा धरून आलेल्या मूल्यावर. २००७ च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे भाड्याचा आकडा उपलब्ध नसेल, तर जहाजावर चढवेपर्यंतच्या मूल्याच्या २० टक्के भाडे धरले जाते. विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. म्हणजे कागदावर भाडे लपवले तरी शासन ते अंदाजाने जोडतेच. हुंडेकऱ्याचा ठोक हिशेब इथे कायद्याच्या भाषेत आला आहे.

२६/
आता पुन्हा तलवारीकडे. रघुजी भोसल्यांनी १७४० च्या दशकात बंगाल-ओडिशापर्यंत मराठी फौजा नेल्या. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, आणि त्यानंतरच्या लुटीत वा भेटींत ही तलवार देशाबाहेर गेली असावी, असे मानले जाते. तलवारीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव, सेनासाहेबसुभा ही पदवी आणि 'फिरंग' हा शब्द आहे. फिरंग म्हणजे युरोपीय पात्याची तलवार.

२७/
सौद्याचे तीन आकडे आता उलगडतात. हातोडी पडली ती ३०,००० पौंडांवर. लिलावगृहाचा २७ टक्के अधिभार मिळवून झाले ३८,१०० पौंड. त्या दिवसांच्या विनिमय दराने सुमारे ४३ लाख रुपये. हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून शासनाने जाहीर केलेली रक्कम ४७ लाख १५ हजार. म्हणजे अखेरचा खर्च हातोडीच्या रकमेहून सुमारे दोन पंचमांशाने अधिक, आणि त्यातले सुमारे चार लाख केवळ वाटेचे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी तलवार मुंबईत आली.

२८/
या तलवारीचे पातेच 'फिरंग'. म्हणजे तिने समुद्र एकूण तीनदा ओलांडला. पहिल्यांदा पाते युरोपातून आले, तेव्हाचे जहाजभाडे इथल्या खरेदीदाराने किमतीतून भरले. दुसऱ्यांदा ती गेली, तेव्हा भोसल्यांना ना दाम मिळाला असेल ना भाडे. तिसऱ्यांदा ती परतली, तेव्हा दाम, अधिभार, भाडे, विमा सारे महाराष्ट्राच्या तिजोरीतून गेले. परदेशातला वारसा परत आणण्याच्या गोष्टी निघतात, तेव्हा त्या खर्चात परतीचे भाडेही असते आणि ते मूळ मालकालाच भरावे लागते, हे सहसा नोंदले जात नाही.

२९/
खारघरच्या त्या संग्राहकाने यातून काय घ्यावे? बोलीपूर्वीची उलटी वजाबाकी. समजा, एखादे नाणे घरपोच २,००० रुपयांपर्यंतच परवडते. कुरियर व विमा १८०. अधिभार २० टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे बोलीच्या प्रत्येक रुपयावर २३.६ पैसे. आधी २,००० मधून १८० वजा : १,८२०. त्याला १.२३६ ने भागले की येतात १,४७२. हा बोलीचा कळस. वस्तूवर वेगळा कर असेल तर तोही याच रीतीने धरावा. एकाच विक्रेत्याकडून चार वस्तू एकत्र मागवल्या तर भाडे विभागले जाते. तांड्यातल्या व्यापाऱ्यांनाही हे ठाऊक होते.

३०/
हा आकडा लिलाव सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावा. घड्याळ शेवटच्या मिनिटात आले की मन फक्त पडद्यावरचा आकडा पाहते, आणि भाडे नेमके तेव्हाच विसरले जाते.

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले तेव्हापासून कंटेनरांची रीघ नवी मुंबईच्या रस्त्यांवरून वाहते आहे. त्यातल्या प्रत्येक पेटीवर एक उलटी वजाबाकी आधीच झालेली असते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी कमी दर घेऊन माल दिलेला असतो. लासलगावच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याला ती वजाबाकी ऐकवली जात नाही. खारघरच्या संग्राहकाला ती निदान स्वतः करता येते.